मुलगी धावते. अमेरिकेतल्या कॉलेजात खेळ आणि शिक्षण दोन्ही जमतं का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

लेक दहावीत आहे, नाशिकलाच. १५०० आणि ३००० मीटर धावते. कविता राऊत, संजीवनी जाधव यांच्या गावात राहिल्यावर ग्राउंडवर पोरींना स्वप्नं बघायला कोणी शिकवावं लागत नाही. राज्य स्पर्धेपर्यंत गेली आहे, अभ्यासातही चांगली आहे. मला काळजी आहे ती पुढच्या दोन वर्षांची. बारावीला गेलेल्या मुली एकेक करून ग्राउंडवरून दिसेनाशा होतात, हे मी सकाळी तिला सोडायला जाते तेव्हा बघते. क्लास, मग सीईटी, मग संपलंच. लेक म्हणते, "आई, मला धावायचंय पण आणि शिकायचंय पण."

परवा ग्राउंडवर एक गृहस्थ आले होते. पालकांना एकत्र बसवून सांगितलं की अमेरिकेत खेळाडूंना शंभर टक्के स्कॉलरशिप मिळते, सगळं ते बघतील. आत्ता काही लाख भरायचे आणि स्कॉलरशिप मिळाली की तिच्या रकमेतला ठरावीक टक्का त्यांना द्यायचा. यजमान सातपूरला कंपनीत आहेत. शैक्षणिक कर्ज काढू, पण घर गहाण टाकायची आमची तयारी नाही.

हे खरं असतं का? आत्तापासून काय करायला हवं? आणि तिकडे पाय दुखावला तर पोरीचं काय?

बोरीबंदर

टक्केवारी मागतोय म्हटल्यावर लांबूनच नमस्कार करा. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

तिसरा_लॅप

ताई, मी साताऱ्याची. अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका कॉलेजसाठी क्रॉसकंट्री आणि ट्रॅक दोन्ही धावले, आता ओहायोत नोकरी करते. तुमच्या लेकीच्या जागी मी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या गृहस्थांचं. कॉलेज शोधून देणाऱ्या सेवा असतात आणि त्यांनी ठरावीक फी घेणं नियमात बसतं. पण स्कॉलरशिपच्या रकमेवर टक्का घेणारा माणूस एनसीएएच्या (तिथल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) नियमात बसत नाही, आणि त्याचा फटका त्याला बसत नाही, खेळाडूला बसतो. तिची पात्रताच अडचणीत येऊ शकते. त्यामुळे पैसे वाचवणं हा भाग सोडा, मुलीच्या भल्यासाठीच त्यांना नाही म्हणा.

आता शंभर टक्क्यांचं. एनसीएएमध्ये तीन डिव्हिजन आहेत. पहिल्या दोन खेळासाठी स्कॉलरशिप देतात, तिसरी देत नाही. हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीगची कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळासाठी पैसे देत नाहीत, घरची ऐपत बघून मदत करतात. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आहे आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं आहेत. तिथेही पैसे मिळतात आणि आपल्याकडून कोणी त्यांच्याकडे फारसं बघत नाही.

आपल्या खेळात बहुतेकींना अर्धवट स्कॉलरशिप मिळते. डिव्हिजन वनमध्ये महिलांच्या ट्रॅक आणि क्रॉसकंट्रीला मिळून १८ पूर्ण स्कॉलरशिपांची मर्यादा होती. कोच त्या तुकडे करून धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, गोळा फेकणाऱ्या अशा सगळ्यांत वाटायचे. जून २०२५ मध्ये कोर्टात मोठी तडजोड मंजूर झाली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांत आता स्कॉलरशिपांवर मर्यादा नाही, संघात किती जण असावेत यावर आहे. ऐकायला छान वाटतं, पण पैसा फुटबॉल-बास्केटबॉलकडे वळतो आणि संघ लहान होतात. म्हणून "मिळते" या शब्दावर जाऊ नका. हातात येणाऱ्या पत्रात फी किती, राहणं-जेवण किती, पुस्तकं किती, आणि किती वर्षांसाठी, हे चार आकडे बघा. उरलेला पहिल्या वर्षाचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवल्याशिवाय आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) मिळत नाही आणि आय-२० शिवाय व्हिसा नाही.

पुढचं जेवून आल्यावर लिहिते.

बेसलाइन

तिसरा_लॅपशी सहमत. मी पुण्यात टेनिसच्या मुलांसोबत काम करतो, तिथला अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून भर घालतो.

टेनिसमध्ये ही वाट जुनी आहे. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळला, १९९५ ला एनसीएएची दुहेरी जिंकला. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोनदा एकेरी जिंकली. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला होता. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला शिकली आणि २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. कॉलेजात गेलं की खेळ संपतो असं सांगणाऱ्या पालकांना मी हेच दाखले देतो.

टेनिसवाल्यांना यूटीआर (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) लागतो, तुम्हाला धावण्याची नोंदलेली वेळ दाखवावी लागेल. ताई, एक विचारतो. मुलीच्या वेळा कोणत्या घड्याळावरच्या आहेत? जिल्ह्याच्या स्पर्धांत अजून हातातल्या स्टॉपवॉचवर वेळ घेतात. तिकडचे कोच ती धरत नाहीत.

गोदाकाठ

बेसलाइन सर, राज्य स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक होतं, बाकीच्या हातघड्याळाच्या. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ती अधूनमधून रोड रेस धावते, मॅरेथॉनमधल्या पाच-दहा किलोमीटरच्या. त्यात रोख बक्षीसं मिळाली आहेत. त्याचं काही होतं का?

तिसरा_लॅप

होतं, आणि नाशिक-सातारा-कोल्हापूरच्या मुलींच्या बाबतीत हाच मुद्दा सगळ्यात नाजूक आहे.

आपल्याकडे रोड रेस संपली की मंडपात आमदारांच्या हस्ते पाकीट मिळतं. फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात रकमेसकट नाव येतं. एनसीएएचा जुना दंडक असा की कॉलेजात जाण्याआधी मिळालेलं बक्षीस त्या स्पर्धेला जाण्यायेण्याच्या, राहण्याच्या, प्रवेश फीच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त नसावं. टेनिसला वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत सवलत होती, धावणाऱ्यांना तशी नव्हती. या नियमांवर अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ते सैल होत चाललेत, त्यामुळे ती नाव नोंदवेल त्या वर्षीचा नियम बघावा लागेल. पण आत्तापासून एक वही घाला. तारीख, गाव, स्पर्धा, प्रवेश फी, एसटीचं तिकीट, लॉजची पावती, बक्षिसाची रक्कम. सगळं त्यात. पुढे एलिजिबिलिटी सेंटरच्या (पात्रता तपासणारं एनसीएएचं कार्यालय) प्रश्नावलीत हे विचारतात आणि लपवलं तर पेपरातलं कात्रण कोणालाही सापडतं. खरं लिहा, पावत्या जोडा. झालेलं बक्षीस मोठं असेल तर काही सामने बाहेर बसायला लावतात किंवा रक्कम दान करायला सांगतात, दार बंदच होतं असं नाही.

दुसरं, गॅप. बारावीनंतर "एक वर्ष नुसती प्रॅक्टिस करू, मग जाऊ" हा विचार आपल्याकडे फार चालतो. ट्रॅकला शाळा संपल्यावर साधारण एक वर्षाची मुभा असते, टेनिसला फक्त सहा महिन्यांची. त्यानंतर कॉलेजात न जाता स्पर्धा खेळत राहिलं तर तिथले हंगाम वजा होतात. पुणे विद्यापीठात नाव घालून एखादं वर्ष काढलं तरी तिचं पात्रतेच्या वर्षांचं घड्याळ चालू होतं.

तिसरं, विषय. नववीपासून बारावीपर्यंतचं धरतात. डिव्हिजन वनला १६ मुख्य विषय-वर्षं (एक विषय एक वर्ष शिकला की एक) लागतात: इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्र दोन आणि बाकीची पूरक. सरासरी त्यांच्या मोजणीत किमान २.३. एसएटी-एसीटीची अट एनसीएएने २०२३ ला काढली, कॉलेज स्वतः मागू शकतं. अकरावीत आर्ट्स घेऊन गणित सोडायचा विचार असेल तर आधी हा हिशोब करा, नववी-दहावीची मिळून दोनच वर्षं होतात. नववीचं प्रगतिपुस्तक शाळेत आहे तोवर शिक्का मारून घ्या. मुख्याध्यापक बदलले की जुने कागद शोधायला कोणी रिकामं नसतं.

मातीतला

मी कोल्हापूर भागात शाळेत क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त. वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

पोरगी तिकडे गेली की इथल्या यादीतून निघते. तेजस्विन शंकरचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. कॅन्सस स्टेटचा विद्यार्थी, २०१८ ला आणि पुन्हा २०२२ ला अमेरिकेतल्या कॉलेजांची उंच उडी जिंकलेला. २०२२ ला २.२७ मीटर मारून आपल्या ॲथलेटिक्स फेडरेशनने घातलेली पात्रता गाठली, तरी राष्ट्रकुलच्या संघात नाव नाही, कारण चेन्नईच्या आंतरराज्य स्पर्धेला आला नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. शेवटी बर्मिंगहॅमला जाऊन २.२२ वर कांस्य जिंकलं. त्याच्यापाठी लोक उभे राहिले. नाशिकच्या साध्या घरातल्या मुलीसाठी कोर्टात कोण जाणार?

शिवाय इथे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. राज्य, राष्ट्रीय पातळीवरच्या प्रमाणपत्रावर पोरं फौजदार झालेली मी पाहिली आहेत. तिकडची पदकं त्यासाठी धरतील असं गृहीत धरू नका. आमच्या कुस्तीच्या पोरांचं तर आणखी वेगळं. तिथे मुलांची कॉलेज कुस्ती त्यांच्या फोकस्टाइलची, आपल्या फ्रीस्टाइलवाल्याला नव्याने शिकावं लागतं. मुलींची मात्र फ्रीस्टाइल आहे आणि तिला आता एनसीएएच्या अधिकृत अजिंक्यपदाचा दर्जा मिळालाय, हे आमच्या तालमीतल्या पोरींच्या आयांना मी स्वतः सांगतो. म्हणजे मी विरोधात नाही. पण काय सोडून जातोय ते माहीत असावं.

तिसरा_लॅप

सर, राग कसला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, माझ्यासोबतच्या दोघींनी राष्ट्रीय शिबिर हवं म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजचं पत्र नाकारलं आणि त्यांचं बरोबरच होतं. तिथला ट्रॅकचा हंगाम जूनच्या अंतिम स्पर्धेपर्यंत चालतो आणि आपल्या निवड स्पर्धा त्याच सुमाराला येतात. कोचशी बोलतानाच विचारून ठेवावं की भारताच्या निवडीसाठी सोडाल का. आणि जी गैरहजेरी असेल तिची परवानगी फेडरेशनकडून आधी, लेखी घ्यावी.

पण सर, बारावीनंतर ग्राउंडवरून जाणाऱ्या त्या मुलींचा विचार करा. त्यातल्या किती फौजदार होतात? बहुतेकींच्या हातात खेळही राहत नाही आणि धड शिक्षणही नाही. मला अमेरिकेचं महत्त्व वाटतं ते एवढ्याचसाठी की तिथे धावणं आणि पदवी एकाच वेळापत्रकात बसवलेली असतात. सत्राला किमान १२ क्रेडिटचा अभ्यास नसेल तर खेळता येत नाही आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसाही टिकत नाही. हंगामात सराव आठवड्याला २० तासांवर न्यायचा नाही, एक दिवस सुट्टी द्यायची, असा नियम आहे. प्रवास, फिजिओ, व्यायामाआधीची तयारी धरली तर प्रत्यक्षात वेळ त्याहून बराच जास्त जातो, हेही सांगते.

एक दिवस कसा असतो ते लिहिते. ऑक्टोबरमध्ये पहाटे गवतावर दव गोठलेलं. सहा किलोमीटरची रेस, शेकडो मुली एका रेषेवर, पहिल्या तीनशे मीटरमध्ये कोपरं लागतात, कोणाचे स्पाइक्स पोटरीला लागून रक्त येतं. नाशिकच्या ट्रॅकवर आठ-दहा जणींत धावलेल्या मुलीला हा धक्का असतो. रेस संपली की बस. बसमध्ये डोक्यावर छोटे दिवे लावून सगळ्या अभ्यास करतात. सोमवारी केमिस्ट्रीची परीक्षा असते आणि प्रोफेसरना रेसचं पत्र आधी दिलेलं नसेल तर ती चुकते. पहिल्या वर्षी स्टडी हॉलचे (देखरेखीखाली बसून अभ्यासाचे) तास सक्तीचे असतात. मला त्यांचा कंटाळा यायचा, पण माझं स्टॅटिस्टिक्स तिथेच सुटलं.

आता एक गोष्ट खास मुलींच्या आयांसाठी. तिकडे गेल्यावर मायलेज, म्हणजे आठवड्याचं धावणं, एकदम वाढतं, जेवण बदलतं, शाकाहारी मुलगी मेसमध्ये सॅलड आणि ब्रेडवर दिवस काढते. मग पाळी अनियमित होते, थांबते, आणि मुलीला वाटतं की आपण फिट होतोय. तसं नसतं. शरीराला खर्चाइतकं अन्न मिळत नाही याची ती खूण असते. पुढे नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते आणि हंगाम जातो. जाण्याआधी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन तपासून घ्या, हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. आणि लेकीला सांगा, पाळी चुकली तर टीमच्या डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही. कोच वजनावरून बोलत असेल तर त्या कॉलेजचा विचार सोडून द्या. आत्ता तिथे धावणाऱ्या मुलींना मेसेज करून हे विचारता येतं. त्या खरं सांगतात.

दुखापतीचं विचारलं होतंत. ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनच्या कॉलेजांना दुखापत झाली किंवा कामगिरी घसरली म्हणून स्कॉलरशिप काढता येत नाही, आणि खेळातल्या दुखापतीचा इलाज कॉलेज सोडल्यावरही दोन वर्षं त्यांच्याकडे असतो. डिव्हिजन टू, एनएआयएला हे गृहीत धरू नका, पत्रात बघा. विद्यार्थ्यांच्या साध्या आरोग्य विम्यात बऱ्याचदा संघाकडून खेळताना झालेली दुखापत वगळलेली असते. "खेळातल्या दुखापतीचा विमा कोणाचा?" हा प्रश्न ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

हिशोबनीस

न्यू जर्सीत कराची कामं करतो. पालकांना शेवटी कळणारी गोष्ट आधीच सांगतो. स्कॉलरशिपमधली फी आणि पुस्तकं करमुक्त, पण राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो. परदेशी विद्यार्थ्याच्या त्या भागावर कॉलेज १४ टक्के कापतं. समजा राहणं-जेवण १४,००० डॉलरचं आहे, तर १,९६० डॉलर. स्कॉलरशिप "पूर्ण" असूनही मुलीच्या खात्यावर एवढं बिल दिसतं आणि घरी घबराट होते.

भारत-अमेरिका करारानुसार भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते नाही. २०२४ सालासाठी ते १४,६०० डॉलर होतं. म्हणजे दुसरं उत्पन्न नसेल तर वरच्या उदाहरणातला सगळा कापलेला कर परत मिळतो. त्यासाठी दर वर्षी १०४०-एनआर हे परदेशी लोकांचं कर विवरणपत्र भरायला लागतं. कॉलेजचे लोक हा करार स्वतःहून सांगतीलच असं नाही.

आणि इन्स्टाग्रामवर बुटांची जाहिरात करून पैसे मिळवायचं २०२१ पासून अमेरिकन मुलांना खुलं झालं, ते बघून भुलू नका. एफ-१ वर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. अशी कुठलीही सही करण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारायचं. कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं, पण खेळाडूला तेवढा वेळच नसतो.

लीड्सकर

कोणी इंग्लंडचा विचार करत असेल तर. इथे विद्यापीठांचे सामने बीयूसीएस या विद्यापीठ क्रीडा संघटनेचे, पूर्वापार बुधवारी दुपारी. लफबरो, बाथ, डरहॅम अशा ठिकाणी क्रीडा स्कॉलरशिप आहेत, पण त्यात फी माफ होईल असं समजू नका. काही पौंड, फिजिओ, जिम, कोचिंग असं स्वरूप असतं. आपली क्रिकेटची मुलं मास्टर्सला येतात आणि शनिवारी क्लबकडून खेळून पैसे घेतात, तिथे सांभाळा. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून काम करायला बंदी आहे आणि गृहखात्याची "व्यावसायिक"ची व्याख्या बरीच रुंद आहे. अमेरिकेत क्रिकेट, कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन एनसीएएत नाहीतच.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल यजमानांना पूर्ण धागा वाचून दाखवला. त्या गृहस्थांना नाही कळवलं. वही घातली आहे, लेक जुन्या सर्टिफिकेटांवरून तारखा काढतेय.

तिसरा_लॅप, शेवटचं विचारते. मैदानातल्या एका मुलाने दोन-तीन कोचना ईमेल केले होते, एकाचंही उत्तर आलं नाही. आम्ही कधी आणि काय लिहायचं?

तिसरा_लॅप

बहुतेक खेळांत डिव्हिजन वनच्या कोचला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनच्या आधी मुलांशी थेट बोलायची परवानगीच नसते. त्याआधी गेलेल्या ईमेलला उत्तर नाही म्हणजे नकार नाही. तुमच्या लेकीला पुढच्या जूनपर्यंत वेळ आहे, तोवर इलेक्ट्रॉनिक टायमिंग असलेल्या दोन-तीन स्पर्धा गाठा.

ईमेल लेकीने स्वतः लिहायचा, तुम्ही नाही, कोचही नाही. विषयाच्या ओळीतच नाव, बारावी कधी संपणार ते वर्ष, १५०० आणि ३००० ची वेळ. आत चार-पाच वाक्यं: कुठे धावते, आठवड्याला किती किलोमीटर (कमी असेल तर आवर्जून लिहा, कमी मायलेजवर चांगली वेळ म्हणजे वाढायला जागा आहे असं कोच धरतात), शाळेतले टक्के, काय शिकायचंय, वर्षाला घरून किती देऊ शकता. निकालाची लिंक आणि शेवटचा लॅप दिसेल असा एका रेसचा व्हिडिओ, मोबाइल आडवा धरून काढलेला. मोठ्या नावाची दहा कॉलेजं घेऊ नका. त्या कॉलेजच्या संघाच्या पानावर मुलींच्या वेळा असतात, त्यातल्या चौथ्या-पाचव्या मुलीच्या जवळ लेकीची वेळ येत असेल तिथे लिहायचं. अशी तीस-चाळीस कॉलेजं काढा, त्यात डिव्हिजन टू आणि एनएआयए भरपूर ठेवा.

मसुदा झाला की मला निरोपात पाठवायला सांगा. बघून देते.